समुद्र चढतोय, कोकणातल्या घरांची यादी कोण करणार?

कासारसाईला समुद्र नाही. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या पलीकडे, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचावर. गावाला धरण आहे, जवळच संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे आणि शनिवार-रविवारी पुण्या-चिंचवडहून येणाऱ्यांची गर्दी असते. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी धरणाकाठी काही कोकणी मुस्लिम कुटुंबं डबे घेऊन जमली होती. आम्हीही त्यांच्यात होतो. बहुतेक घरांतली मुलं हिंजवडीत नोकरीला, वडीलधारे गाव सोडून मुलांकडे आलेले.

बोलणं गावाकडच्या घरांवर आलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे एक चाचा म्हणाले, "आमच्या लहानपणी घराच्या मागल्या दारापासून पाण्यापर्यंत क्रिकेटची खेळपट्टी मावायची. आता नाय मावत." कुणी म्हणालं, विकून टाका मग. चाचा हसले. घर त्यांच्या आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. वारस आता पुण्यात, मुंब्र्यात, कुवेतला आणि एक थेट केपटाउनला. उतारा बघितला तर त्यात यांपैकी कुणीच नाही.

आम्ही समुद्राच्या पातळीवर लिहायचं बरेच दिवस ठरवत होतो. त्या दुपारी कळलं की आपल्या वाचकांसाठी हा विषय दोन टोकांना आहे. एक टोक देशादेशांच्या करारांत आहे, दुसरं त्या उताऱ्यावर.

आधी आकडे बघू. कासारसाईपासून हिंजवडीचा ट्रॅफिक लागला नाही तर पाऊण तासावर, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. 2020 मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा भारतातल्या हवामान बदलाचा पहिला सविस्तर अहवाल आला, त्याचं मोठं काम याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केलं. त्यात म्हटलंय की हिंदी महासागराच्या उत्तर भागात, म्हणजे आपल्याच बाजूला, 1874 ते 2004 या काळात पाणी वर्षाला साधारण 1 ते पावणेदोन मिलिमीटरने चढत होतं. 1993 ते 2017 मध्ये तोच वेग वर्षाला 3.3 मिलिमीटर झाला. या चोवीस वर्षांची बेरीज आठ सेंटिमीटरच्या आसपास जाते. चार बोटं एकमेकांना चिकटवून आडवी धरा, तेवढं.

चार बोटांनी काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण किनारा भिंतीसारखा उभा नसतो, ताटासारखा पसरट असतो. सपाट पुळणीवर उंचीतली चार बोटं आडवी मोजली की कित्येक पावलं होतात. शिवाय रोजच्या भरतीने नुकसान होत नाही, होतं ते उधाणाने. हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे चाँदच्या पहिल्या-दुसऱ्या आणि चौदा-पंधरा तारखेला, उधाण येतं. ईदचा चाँद दिसतो तेव्हा खाडीही भरलेली असते. त्यात जून-जुलैचा वारा आणि वरून नदीचा लोंढा आला की ही चार बोटं बांधावरून आत येतात. खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडते, उघाडीतून पाणी उलटं शिरतं, भाताच्या खाचरात मीठ बसतं. घर जागेवरच राहतं, पण विहीर मचूळ होते. माणसं गाव सोडतात ती बऱ्याचदा लाट आली म्हणून सोडत नाहीत, गोडं पाणी गेलं म्हणून सोडतात.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातली उपग्रहाची छायाचित्रं तपासली. महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा किनारा धुपीखाली आहे, असं त्यात निघालं. देशाची सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे आपली अवस्था बंगाल किंवा केरळइतकी वाईट नाही. आम्हाला वाटतं तयारी मागे पडण्याचं हेही एक कारण आहे.

वादळाच्या वेळी तेरा देश एकत्र येतात

सहकार्य होऊ शकतं याचा एक पुरावा आपण सगळ्यांनी अनुभवलाय, फक्त त्याकडे त्या नजरेने पाहिलं नाही. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दिवेआगर, पुढे मंडणगड-दापोलीपर्यंत सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पण वादळाच्या तोंडावरची माणसं आधी हलवली गेली होती, होड्या परत आल्या होत्या. कारण इशारा दिवस-दिवस आधी मिळाला होता.

"निसर्ग" हे नाव बांगलादेशाने दिलेलं होतं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांसाठी तेरा देशांची एक समिती आहे: बांगलादेश, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, श्रीलंका, थायलंड, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन. प्रत्येकाने तेरा-तेरा नावं दिली, 2020 मध्ये 169 नावांची यादी झाली, आणि दिल्लीतलं भारतीय हवामान खात्याचं केंद्र या सगळ्या देशांना इशारे पाठवतं. भारत-पाकिस्तानचे संबंध कितीही बिघडोत, यादीतला क्रम बदलत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 2021 मधलं. सप्टेंबरच्या शेवटी बंगालच्या उपसागरात वादळ झालं. नावाची पाळी पाकिस्तानची होती: गुलाब. आंध्रच्या किनाऱ्यावर ते 26 तारखेला आलं, कमकुवत होऊन तेलंगणातून मराठवाड्यावर पाऊस ओतत पश्चिमेला सरकलं आणि गुजरातजवळ पुन्हा समुद्रात उतरलं. तिथे त्याने परत जोर धरला. आता पाळी कतारची, म्हणून नाव शाहीन. 3 ऑक्टोबरला शाहीन ओमानच्या अल बातिना किनाऱ्यावर धडकलं. मराठवाड्यात ज्यांची सोयाबीन कुजली आणि ओमानमध्ये ज्यांच्या दुकानात चिखल शिरला, त्या दोघांचं नुकसान एकाच वादळाने केलं. आपल्या समाजात अशी कुटुंबं आहेत ज्यांचे नातेवाईक दोन्हीकडे होते.

अरबी समुद्र आता पूर्वीइतका शांतही राहिलेला नाही. पाषाणच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की 1982-2000 च्या तुलनेत 2001-2019 मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली.

तर, वादळाच्या बाबतीत तेरा देश एकमेकांशी बोलतात. त्सुनामीच्या बाबतीतही 2004 नंतर हैदराबादचं केंद्र हिंदी महासागरातल्या देशांना इशारे देतं. पण वर्षाला तीन मिलिमीटरने चढणाऱ्या पाण्यासाठी अशी कुठलीच पाळी लावलेली नाही. त्याला नाव नाही, तारीख नाही, टीव्हीवर लाल पट्टी नाही.

कागदावर यंत्रणा आहेत. कोलंबोला 1982 पासून दक्षिण आशियाई देशांची पर्यावरण संस्था आहे. तिच्या आधाराने 1995 मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच देशांनी आपापले समुद्र सांभाळायचा एकत्र आराखडा मान्य केला. सार्कने मालदीवच्या मालेमध्ये किनारा व्यवस्थापनाचं केंद्रही काढलं होतं. पुढे चार केंद्रं एकात मिसळायचा निर्णय झाला आणि ते संपलं. सार्कची शेवटची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूला झाली. त्यानंतर एकही नाही.

भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी एकमेकांना देतात. 2008 च्या कराराने ते ठरलंय. त्या यादीत पालघर जिल्ह्यातले, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले लोकही असतात. आमच्या मनात येतं, वर्षातून दोनदा यादी द्यायची सवय आहेच, तर सिंधच्या ठट्टा-बदीनपासून कच्छपर्यंत आणि खाली कोकणापर्यंत कुठला किनारा किती सरकला, ही यादी द्यायला काय हरकत आहे? त्यात लष्करी गुपित कुठलं? पण सध्याच्या वातावरणात असं काही सुचवणंही भाबडेपणाचं वाटेल, हे आम्हाला कळतं.

शेजाऱ्यांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. 1970 च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून जास्त माणसं गेली. बांगलादेश झाल्यावर 1972 पासून तिथे स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त लोक आहेत आणि साधारण निम्म्या बायका. त्याच देशाने कॉक्स बाजारजवळ खुरुश्कूलला समुद्राने विस्थापित केलेल्या सुमारे 4,400 कुटुंबांसाठी पाचमजली इमारती बांधायला घेतल्या. मच्छीमाराला पाचव्या मजल्यावर ठेवून तो जाळी कुठे वाळवणार, हा प्रश्न आहेच. पण निदान कुटुंबं मोजली गेली, पत्ता ठरला. आणखी लांब, पॅसिफिकमध्ये, तुवालू आणि ऑस्ट्रेलियाचा करार 2024 पासून लागू झाला. वर्षाला 280 तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहायची मुभा. तुवालूची एकूण लोकसंख्या दहा-अकरा हजार आहे, त्यामुळे हे जमलं असं कुणी म्हणेल. खरंय. पण देश बुडायच्या आधी करार झाला, हेही खरंय.

एका गावाची भिंत, दुसऱ्या गावाची धूप

देशादेशांचं सोडा, गावागावांचं काय? इथेच खरी गोम आहे.

वाळू एका जागी राहत नाही. लाटा तिरक्या येतात आणि वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने ढकलत नेतात, कधी दक्षिणेला, कधी उत्तरेला. एका गावात दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की त्या गावाची जमीन वाचते, पण पुढच्या गावाला मिळणारी वाळू तुटते. लाटेचा जोर भिंतीच्या टोकाला वळसा घालून शेजाऱ्याच्या सुरूच्या बनात शिरतो. मग शेजारचं गाव आमदाराकडे जातं, तिथेही बंधारा मंजूर होतो, आणि धूप आणखी एक गाव पुढे सरकते. पालघरच्या सातपाटीत आणि मालवणजवळ देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर लोकांनी बंधाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं मागण्या केल्या. त्यांना दोष द्यायचा नाही. पाणी घरात आल्यावर माणूस शास्त्र विचारत नाही. पण बंधाऱ्याचा निर्णय गावापुरता होतो आणि वाळूचा हिशेब मात्र खाडीच्या तोंडापासून पुढच्या डोंगराच्या नाकापर्यंतचा असतो, तालुक्याची हद्द ओलांडून.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. आशियाई विकास बँकेने 2010 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांसाठी किनारा संरक्षणाचा एकत्र कार्यक्रम मंजूर केला होता. त्यात रत्नागिरीचा मिऱ्या किनाराही होता आणि मंगळुरूजवळचं उल्लाळही. 2024 मध्ये त्याच बँकेने महाराष्ट्राला किनारा सांभाळण्यासाठी आणखी 4 कोटी 20 लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्यात पाण्यातले कृत्रिम खडक, वाळू भरणं आणि संपूर्ण किनाऱ्याचा एकत्र आराखडा आहे, काम सागरी मंडळाकडे. हरित हवामान निधीच्या 4 कोटी 34 लाख डॉलरच्या मदतीचा प्रकल्प आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत 2019 मध्ये सुरू झाला. त्याचा भर कांदळवन आणि त्यावर जगणाऱ्या लोकांवर आहे, खेकडा-कालवं पालन वगैरे. आपल्याकडच्या किती जमातींना हे ठाऊक आहे? आम्ही कासारसाईला बसलेल्यांना विचारलं. एकालाही नाही.

घरं हलवण्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र अजून बोलायलाच तयार नाही. ओडिशाने केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभायाची 571 कुटुंबं आत बागपटियाला नेली. केरळने "पुनर्गेहम" नावाची योजना काढली. भरतीच्या रेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांची गणना केली, 18,685 कुटुंबं निघाली, आणि जागा-घरासाठी प्रत्येकी 10 लाख रुपये देऊ केले. एकूण 2,450 कोटींची योजना. ती रडतखडत चालली आहे. दहा लाखांत केरळात किनाऱ्याजवळ जागा मिळत नाही, आणि लांब गेलं तर होडी सुटते. तरी आम्हाला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: केरळने आधी यादी केली.

महाराष्ट्रात 2010 च्या सागरी मच्छीमार गणनेत 456 मासेमारी गावं मोजली गेली. त्यातल्या किती गावांत किती घरं भरतीरेषेच्या 50 मीटरच्या आत आहेत, त्यात किती भाडेकरू, किती मालक, कुणाची विहीर मचूळ झाली, अशी गावनिहाय यादी कुठल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलेली आम्ही पाहिली नाही. उलट 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. लोकांना घर दुरुस्त करता येत नव्हतं, त्यांना दिलासा मिळाला, हे मान्य. पण त्याच दिलाशाने हॉटेलंही पाण्याजवळ आली. आणि केंद्राच्या आपत्तींच्या ज्या यादीवरून मदत मिळते, त्या बारा आपत्तींत चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, समुद्राची धूप नाही. वादळात पत्रे उडाले तर पंचनामा होतो. दहा वर्षांत परसबाग पाण्यात गेली तर तलाठी काय लिहिणार? पंधराव्या वित्त आयोगाने धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी आणि धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी रुपये सुचवले होते, ते 2021 ते 2026 साठी, साऱ्या देशातल्या नद्या आणि किनारे मिळून.

मुळशीची जुनी गोष्ट

आता कासारसाईला परत येऊ, कारण यादीत नाव कुणाचं लागतं याचा धडा याच तालुक्यात आहे.

शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. तरी धरण झालंच. ते पाणी डोंगराच्या पोटातून भिऱ्याला वीजघरात उतरतं आणि तिथून कुंडलिका नदीने रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जातं. म्हणजे मुळशीचं पाणी आपल्याच खारेपाटात पोचतं, हे कासारसाईला बसलेल्या पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. पण मुद्दा वेगळा. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती. ते गावात राहत नव्हते, त्यांना मोबदला पुरेसा होता. जमीन कसणारे मावळे मात्र तिथेच राहत होते, आणि कागदावर त्यांचा जोर नव्हता. आंदोलन फुटायला हेही एक कारण झालं.

ही गोष्ट ऐकून आपण लगेच मावळ्यांच्या बाजूने बसतो. जरा थांबा. कोकणच्या किनाऱ्यावर आज पुण्याचा सावकार कोण आहे? आपणच आहोत. घर आजोबांच्या नावावर, वारस पुण्यात आणि आखातात, आणि घरात राहतंय कोण? एखादी विधवा खाला, एखादं राखण करणारं कुटुंब, कधी बोटीवर काम करणारे परप्रांतीय खलाशी. उद्या महाराष्ट्रात केरळसारखी योजना आली तर पैसे कुणाला? कागद आजोबांचा, हक्क चौदा जणांचा, आणि पाणी मात्र खालाच्या उंबऱ्यात. जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली बांधकामं अतिक्रमण म्हणून पाडली गेली. बरोबर की चूक हा वाद आम्ही इथे काढत नाही. पण कागद नसलेल्या माणसाला किनाऱ्यावर किती जागा असते, ते तिथे दिसलं.

त्यात आपला एक जुना दोष आहे. शरियतने बहिणीला हिस्सा दिला, आपण जुम्याच्या बयानात ते अभिमानाने सांगतो, आणि वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन मोकळे होतो, किंवा नोंदच करत नाही. मग गावात राहिलेली बहीण कागदावर नसते. पाणी चढताना हे महागात पडणार आहे.

करायचं काय? मोठे करार दिल्ली-मुंबईत होतील तेव्हा होतील. आपल्या हातात एक गोष्ट आहे जी सार्ककडे नाही: प्रत्येक गावाची जमात. तिचे लोक गावात आहेत, मुंबई-पुण्यात आहेत, कुवेत-दुबई-मस्कतला आहेत. मशिदीचा मिनार बांधायचा म्हटलं की महिन्याभरात पैसे जमतात, व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब येतो. त्याच जाळ्यातून शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक वही करावी. मिळून अशासाठी की वाळू मिळून जाते, आणि मिळून म्हणजे कोळीवाडा, भंडारी वाडी, बौद्धवाडी धरून. खाडी कुणाची जात विचारत नाही, आणि एकट्या मोहल्ल्याचा अर्ज कार्यालयात कसा वाचला जातो तेही आपल्याला माहीत आहे. वहीत घरागणिक: घर भरतीरेषेपासून किती पावलांवर, निसर्गच्या वेळी पाणी कुठवर आलं, विहीर गोड की मचूळ, राहतं कोण, उताऱ्यावर नाव कुणाचं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ड्रोनने मोजणी करून स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळतात, त्या वेळी वारस हजर हवेत. खारबांधाची खांड, उघाडीची मोडलेली झडप, तीही तारखेसह लिहावी. हे काम एखादी दहावी-बारावीची पोरगी मोबाइलवर आठवड्यात करेल.

कब्रस्तानही त्याच वहीत यावं. वक्फ मालमत्ता 6 जून 2025 ला सुरू झालेल्या उम्मीद पोर्टलवर नोंदवायच्या होत्या, त्यासाठी बऱ्याच जमातींनी कागद गोळा केले. तेव्हाच कब्रस्तानाच्या समुद्राकडच्या कडेचं पाण्यापासूनचं अंतरही मोजून ठेवलं तर पुढे मागणी करताना हाती काही राहील. त्या दुपारी चाचांनी हेच विचारलं होतं. घराचे पैसे देतील कधीतरी, म्हणाले, अब्बांची कबर खाडीच्या बाजूला आहे, तिचं काय? कुणाकडेच उत्तर नव्हतं. सरकारच्या कुठल्याही पुनर्वसन आराखड्यात आम्हीही त्याचं उत्तर पाहिलेलं नाही. पण प्रश्न लेखी विचारला गेला नाही तर ते कधीच येणार नाही.

लेखी विचारायची जागा ग्रामसभा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. त्यातली 1 मेची सभा आपल्यासाठी सोयीची, कारण तेव्हा पुण्या-मुंबईची निम्मी कुटुंबं सुट्टीला गावी असतात आणि आखातातलेही बरेच आलेले असतात. ठराव साधा आहे: आमच्या गावातली भरतीरेषेजवळची घरं, विहिरी, शेतं, प्रार्थनास्थळं आणि कब्रस्तान-स्मशान यांची यादी तहसीलदार, सागरी मंडळ आणि खारभूमी विभागाने संयुक्त पाहणी करून करावी, सोबत गावाने केलेली यादी जोडली आहे. शेजारच्या गावांनी त्याच दिवशी तोच ठराव घ्यावा.

कासारसाईहून निघताना चाचांच्या नातवाने फोनवर उपग्रहाचा नकाशा काढून घर दाखवलं. मागचं दार आणि पाणी यांच्यातलं अंतर त्याने बोटाने मोजलं, मग 2010 सालचं जुनं चित्र उघडून पुन्हा मोजलं. चाचांनी चश्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, हे छापून घे, मेमध्ये घेऊन जाऊ.